दोन शब्दांचे मराठी

कल्याण, फाल्गुन, शके १८१८

चिरंजीव विश्राम यास दादाचे अनेक आशीर्वाद.

परीक्षेसाठी तू विचारलेस की ‘डिझीज’ आणि ‘डिसीज’ यांत फरक काय. पहिला म्हणजे रोग, दुसरा म्हणजे मरण. ऐकताना गोंधळ होतोच. इथले लोक दोन्ही एकच समजतात, आणि सध्या त्यांचे फारसे चुकत नाही.

मी ठणठणीत आहे. स्टेशनावर डॉक्टरसाहेब उतारूंच्या काखा चाचपून प्लेगची गाठ पाहतात. ते इंग्रजीत बोलतात, ते मी मराठीत सांगतो. बायामाणसे साहेबाकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहतात. शिव्याशापही मलाच मिळतात. असो. जेवण वेळेवर होते. खोलीला चुना दिला आहे.

आईचा खोकला कसा आहे? तिला गार पाण्याने अंघोळ करू देऊ नकोस. तिने वहिनीसाठी पाठवलेले मेतकूट पोचले. डबा अजून उघडलेला नाही.

आता हे पत्र घेऊन आईपासून जरा दूर, अंगणात जा. वर श्री नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आले असेल. अशुभाच्या पत्रावर श्री घालीत नाहीत. मी विसरलो नाही.

तुझ्या वहिनीसाठी साहेबांनी पहिला शब्द सोमवारी उच्चारला, दुसरा बुधवारी. खोलीत मराठीत सांगावे असे दुसरे कोणी नव्हते. दोन्ही वेळा मी नुसती मान हलवली.

दिवसभर परक्यांना सांगत असतो रे. आईला मात्र तू सांग.

तुझा दादा,
भास्कर