माहेरच्या नावाची सीट

ठमे,

उठल्यावर मला शोधत बसू नकोस. डबा ओट्यावर आहे, दूध आठवणीने तापव. तुझा काळा गॉगल आणि मोठी टोपी मी नेली आहे.

आज मी बाबांच्या टूरच्या गाडीत प्रवासी म्हणून चालले आहे. माहेरच्या नावाने मागची सीट घेतली. त्यांना माहीत नाही, तूही फोन करून चोंबडेपणा करू नकोस. ते आरशात नुसती डोकी मोजतात, माझ्याकडे काही बघायचे नाहीत. घरी तरी कुठे बघतात.

झालं असं, की परवा एका बाईंचा फोन आला. त्यांची छत्री गाडीत राहिली होती. म्हणाल्या, "द्राक्षांच्या मळ्यांपासून पार समुद्राच्या कड्यापर्यंत तुमचे मिस्टर तुमच्याचबद्दल बोलत होते. हसून हसून पोट दुखलं आमचं." आपल्याकडे हा माणूस मीठ हवं असलं तरी हाताने खूण करतो.

तेव्हापासून मला चैन नाही. ते मळे, तो कडा मी कधी पाहिलेला नाही. त्या वाटेची धूळ तेवढी त्यांच्या शर्टांतून धुतली. मळ्यात वाइन चाखायला देतात म्हणे. मी नाही घेणार. मला सगळं नीट ऐकायचं आहे.

थापा मारत असतील तर कड्याजवळच्या दीपस्तंभापाशी उतरून बसने परत येईन आणि स्वयंपाक मीच करेन.

खरं बोलत असतील तर तू जेवून घे. आम्हाला उशीर होईल.

आई