माझं ‘नाही’ लिहून घ्या

मी, धर्मराज तुळशीराम गणवीर, वय वर्षं त्रेसष्ट, मूळ राहणार इंदोरा, नागपूर, सध्या राहणार ॲन आर्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं लिहीत आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही, कुणी धाक दाखवलेला नाही. मन ठिकाणावर आहे. फुप्फुसांचं तसं सांगता येत नाही. उन्हाळा धरू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. कान मात्र शाबूत. तळघरातल्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा, पंखा मधूनच अडखळतोय, तो मला इथवर ऐकू येतो. लिहून झालं की बघेन.

यापूर्वीचं इंग्रजी मृत्युपत्र रद्द समजावं. वकीलबाईंनी ते चांगलं केलं होतं, पण त्यात मी कुठेच नव्हतो. याचं इंग्रजी माझी मुलगी दीक्षा हिनं करावं, आणि दोन्हींत फरक निघाला तर मराठी खरं धरावं. भाषांतरावर माझा विश्वास नाही. मी आठ वर्षं त्याच धंद्यात होतो.

एक. राहतं घर दीक्षा आणि चिरंजीव अनुप यांना समान वाट्यानं. विकायचं तर जानेवारीत विका. घर किती ऊबदार आहे ते गिऱ्हाइकाला बूट काढताक्षणी कळेल. अनुप ॲशबर्नला डेटा सेंटर थंड ठेवायचं काम करतो. बापानं माणसं गरम ठेवली, मुलगा यंत्रं थंड ठेवतो. घराण्याचा व्यवसाय बदलला असं काही मी म्हणणार नाही.

दोन. बँकेतली शिल्लक आणि निवृत्तीचा निधी यांचे तीन वाटे करावेत. दोन मुलांना. तिसरा इंदोऱ्यातल्या आमच्या वाचनालयाला, माझी दिवंगत पत्नी पंचशीला हिच्या नावानं. त्या वाचनालयात सोव्हिएत पुस्तकं मिळत, कागद जाड, किंमत चहाएवढी. त्यांच्या नादानं मी संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला बसलो आणि एकोणिसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेलो. तोवर मी स्वेटर पाहिला होता, घातला नव्हता. वसतिगृहातली पोरं मला ‘धर्मराज तुळशीरामोविच’ म्हणत. माझ्या बापाचं नाव आदरानं घेणारे पहिले परके लोक तेच. माझा बाप गिरणीत होता आणि त्याला तिथे ‘ए तुळश्या’ एवढंच ऐकू यायचं.

तीन. हत्यारं, गेज, पाइप वाकवायचं यंत्र आणि व्हॅन फर्नेस दुरुस्तीच्या धंद्यातला वीस वर्षांपासूनचा माझा भागीदार लिरॉय याला. अपवाद फक्त लाल मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. तो अनुपला. टोक मोटरला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं. पण मोटर बोलत असताना मध्ये आपण बोलायचं नाही.

चार. राग. एकच उरलाय. इथल्या मराठी मंडळाचे त्र्यंबक काका पहिल्या भेटीत मला म्हणाले, “मूळचे कुठले?” मी म्हटलं, नागपूर. “नागपुरात कुठले?” इंदोरा. “अच्छा, अच्छा,” म्हणाले, आणि पुढचं वाक्य, “हॉलचा हीटर जरा बघता का?” मी बघितला. पुढे त्यांच्या घरची फर्नेसही चार वेळा दुरुस्त केली. हा राग कुणाला देण्याजोगा नाही, तो माझ्याबरोबर जाळावा.

पाच. तळघरातलं गोल टेबल आणि तीन खुर्च्या. यांना वारस नाही, आणि त्याचं कारण सविस्तर लिहिणं भाग आहे.

या टेबलाशी दहा वर्षं दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसायचो. पहिले प्राध्यापक गिरीश दाबके, पुण्याचे, इथल्या विद्यापीठातून निवृत्त. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरचा रशिया हा त्यांचा जन्माचा विषय. हे टेबल त्यांना द्यायची इच्छा होती, पण लाभार्थ्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणतात, आणि मला त्यांची सही हवी आहे. दुसरी वेरा निकोलायेव्ना, वय एकोणपन्नास, दातांच्या दवाखान्यात काम करते. रशियातल्या उरल पर्वतापलीकडच्या वेर्खनी लोग नावाच्या गावची. अकरा वर्षांपूर्वी तिची फर्नेस बंद पडली म्हणून मी तिच्याकडे गेलो, आणि तिनं गावाचं आणि बापाचं नाव सांगितल्यावर माझ्या हातून पाना पडला. पुढे दर ऑक्टोबरात मी तिची फर्नेस फुकट तपासत आलो. ती मला भला माणूस समजत होती.

टेबलावरची भाषा इंग्रजी असायची. इथे मराठीत देतो, न गाळता.

गिरीशराव म्हणायचे, “सुधारणा अर्धवट राहिल्या, तिथे सगळा घोळ. न्यायालयं उभी नाहीत, पक्ष उभे नाहीत, आणि आधी दुकान विकायला काढलं. पण लोकांना विचारलंच नाही असं म्हणू नका हं. विचारलं होतं. कागद आहेत.”

वेरा म्हणायची, “विचारलं ना. आणि माझ्या बापासारख्यांनी मान हलवली. मग थंडी वाजली तेव्हा त्यांना मालक आठवला. आता सार्वभौमत्व, सार्वभौमत्व करत फिरतात. सार्वभौमत्व म्हणजे काय, गिरीश? कुंपण. बाहेरच्यानं आत बघायचं नाही आणि आतल्यानं किंचाळायचं नाही.”

“पण ते कुंपण लोकांनीच मागितलं, वेरा.”

“मागणारच. गुलामाची सवय आहे. तुमचं मत काय, तुळशीरामोविच? तुम्ही नुसते शेंगदाणे खाता.”

मी म्हणायचो, “मी मेकॅनिक माणूस, मला काय कळतंय.” दोघं हसायचे.

गिरीशरावांच्या पुस्तकात चौथं प्रकरण आहे, त्यात वेर्खनी लोगच्या कामगारसभेचं इतिवृत्त पुरावा म्हणून दिलंय: कामगारांशी सल्लामसलत झाली, आक्षेप आला नाही. युक्रेनचं युद्ध सुरू झालं त्या आठवड्याच्या शनिवारी वेरानं ते पान उघडून टेबलावर आपटलं. म्हणाली, “त्या कँटीनमध्ये एक, फक्त एक माणूस ‘नाही’ म्हणाला असता, तर मी या देशाबद्दल आज काहीतरी बरं बोलू शकले असते.”

एक माणूस म्हणाला होता. मी तिथे होतो.

सहा. बुटाच्या खोक्यातली कॅसेट, वर पेन्सिलीनं ‘११ नोव्हेंबर १९९३’.

त्या काळात मी अमेरिकन सल्लागारांचा दुभाषा होतो. आपलं भाषांतर मागाहून तपासता यावं म्हणून खिशात छोटा रेकॉर्डर ठेवायची माझी सवय. महिन्याभरापूर्वी मॉस्कोत संसदेवर रणगाडे चालले होते, पुढच्या महिन्यात नव्या राज्यघटनेवर मतदान होतं. मी बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेला माणूस. घटना म्हटली की मला भरून येतं. आपण या लोकांना लोकशाही नेऊन देतोय, असं मी खरोखर मानत होतो.

वेर्खनी लोगचा कारखाना विकायचा होता आणि सगळ्या गावाची घरं गरम ठेवणारं त्याचं बॉयलरघर वेगळं काढून दुसऱ्याला. कँटीनमध्ये तीनेकशे कामगार होते. चार वाजता आम्हाला गाडी गाठायची होती. बॉयलरच्या पाळीचा फोरमन निकोलाय येगोरोविच, वेराचा बाप, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि चार मिनिटं बोलला. शेवट असा होता:

“कारखाना घ्या, आम्हाला तो चालवता आला नाही. बॉयलर गावाचा आहे, तो विकू नका. घेणारा नफ्याचं गणित करेल, आणि त्याच्या गणितात जानेवारी नसेल. तुम्ही याला लोकशाही म्हणता, तर हात वर करायला सांगा. नाही सांगत? मग मी एकटा सांगतो. नाही. माझं ‘नाही’ लिहून घ्या.”

सल्लागार साहेब माझ्याकडे वळले. “काय म्हणतोय?”

मी म्हणालो, “गावातल्या हीटिंगची त्यांना थोडी काळजी आहे. पण सुधारणांना एकूण पाठिंबा आहे.”

साहेब खूश झाले. म्हणाले, “त्यांचे आभार माना.” मी मानले. निकोलाय येगोरोविचनं मला वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, पोचलं.

असं का केलं, हे मी तीस वर्षं शोधतोय. गाडीची घाई होती. अमेरिकेला नेण्याचं साहेबांनी कबूल केलं होतं, आणि चार वर्षांनी त्यांच्याच शिफारसपत्रावर मी इथे आलो. पण मूळ त्याआधीचं आहे. लहानपणी वस्तीतल्या बायांची पत्रं मी वाचून दाखवायचो. पत्रात ‘पैसे पाठवणार नाही’ असलं तर मी ‘या महिन्यात जरा अडचण आहे’ असं वाचायचो. ‘दुसरी केली’ असलं तर ती ओळच गाळायचो. बाया आईला म्हणायच्या, “गिरजाबाई, तुह्या धर्मानं पत्र वाचलं का रडू येत नाही.” आई मला त्या दिवशी गूळ द्यायची. कडू ते गोड करून द्यायचं, दोन्हीकडचे खूश राहतात, हे मी तिथे शिकलो आणि त्यावर आयुष्य उभं केलं.

त्या रात्रीच्या गाडीत इतिवृत्त मीच टंकलं. ‘आक्षेप नाही.’ त्याचंच रशियन होऊन ते गावच्या नोटीस बोर्डावर लागलं. वेर्खनी लोगला लोकशाही पहिल्यांदा भेटली ती त्या कँटीनमध्ये, माझ्या तोंडून, आणि ती खोटं बोलली. नंतर त्या गावानं तिच्याकडे पाठ फिरवली, तर शनिवारी आम्ही त्याला गुलामाची सवय म्हणत होतो.

शहाण्णवच्या जानेवारीत नव्या मालकानं बॉयलर अकरा दिवस बंद ठेवला. वेराची आई न्यूमोनियानं गेली. सभेतल्या बाकीच्यांनी नव्या मालकाच्या धाकानं तोंड उघडलं नाही. बाप म्हणत राहिला, “मी बोललो होतो, वेरोच्का.” ती म्हणाली, “कागदावर नाही.” ती घर सोडून गेली. पाच वर्षांनी तो वारला, तेव्हा मातीला गेली नाही. हे तिनं मला या टेबलाशी सांगितलं. मी तिला चहा दिला.

सात. ~~वरील कॅसेट सीलबंद करून, सोबत संपूर्ण भाषांतर आणि माझं क्षमापत्र जोडून, माझ्या मृत्यूनंतर वेरा निकोलायेव्ना हिला द्यावी. तिच्या घरी नवी फर्नेस माझ्या खर्चानं बसवावी.~~

हे कलम मी रविवारी लिहिलं आणि आज शनिवारी खोडलं. मधल्या दिवसांत दीक्षानं कच्चा मसुदा वाचला. शेवटपर्यंत वाचून फोन केला. म्हणाली, “बाबा, धिस इज द सेम थिंग. सभा संपल्यावर वाक्य पोचवणार तुम्ही. परत.”

“अगं, पण तिला किती लागेल.”

“ते तुम्ही ठरवू नका ना. प्लीज.”

आठ. म्हणून आज दुपारी कॅसेट लावली. टेबलाशी गिरीशराव, त्यांच्या पत्नी मृणालिनीताई आणि वेरा. आधी माझा गुन्हा एका दमात सांगितला, म्हणजे माझ्या दमात, ऑक्सिजनच्या नळीसकट. मग बटण दाबलं.

तीस वर्षांत मी ती कॅसेट एकदाही ऐकली नव्हती. टेप ताणली गेलीय, आवाज किंचित जाड येतो. बाप ‘नाही’ म्हणाला तेव्हा वेरानं टेबलाची कड धरली. त्यामागून माझं इंग्रजी आलं, तरुण, चुणचुणीत, गोड. ते ऐकून मृणालिनीताईंनी तोंड फिरवलं.

वेरा म्हणाली, “आता भाषांतर करा.”

मी म्हटलं, “गिरीशरावांना रशियन कळतं.”

“उभं राहून. त्या दिवशीसारखं. सगळं.”

उभा राहिलो. चार मिनिटांच्या भाषणाला मला अकरा मिनिटं लागली, मध्ये दोनदा बसावं लागलं. एक शब्द गाळला नाही.

गिरीशरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “धर्मराज,” म्हणाले, “मी हे तीस वर्षं शिकवलं रे. शेकडो मुलांना.”

“तुम्ही कागद वाचलात. कागद माझा होता.”

“दहा वर्षं तू समोर बसून ऐकलंस.”

ऐकलं, शेंगदाणे खात. तेही इथे लिहितो.

वेरानं एकच विचारलं. “माझा बाप मला शेवटचा फोन करत होता तेव्हा तुम्ही कुठे होता?” सन तिनंच सांगितलं, दोन हजार एक. मी म्हटलं, इथे, याच गावात, फर्नेस दुरुस्तीचं लायसन्स नुकतं मिळालं होतं. तिनं मान डोलावली. कॅसेट काढून पर्समध्ये ठेवली. नव्या फर्नेसचं मी म्हणालो तर म्हणाली, “नको. ऑक्टोबरातही येऊ नका.” ऑक्टोबर मला लागणार नाही, हे तिला माहीत आहे.

सबब कलम सात रद्द. कॅसेट दिली गेली आहे. वेरा निकोलायेव्ना माझ्या मालमत्तेची लाभार्थी नाही. मुलांनी तिला काही देऊ करू नये, पत्र लिहू नये, माझ्या वतीनं माफी मागू नये. गिरीशराव चौथं प्रकरण दुरुस्त करायचं म्हणाले. त्यात माझं नाव पूर्ण छापावं, बापाच्या नावासकट.

ती लाभार्थी उरली नाही, म्हणून मी तिला विचारलं, साक्षीदार म्हणून सही करशील का. पेन पुढे केलं. तिनं या अपुऱ्या कागदाकडे पाहिलं. मराठी तिला वाचता येत नाही. कोट घातला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाऊन थांबली. पंख्याचं अडखळणं तिलाही ऐकू आलं असावं. मग वर गेली.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही करत आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी दीक्षानं करावी.

ठिकाण: ॲन आर्बर, मिशिगन
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

(सही) धर्मराज तुळशीराम गणवीर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) गिरीश दाबके
२. (सही) मृणालिनी दाबके

हजर होती, सही केली नाही: वेरा निकोलायेव्ना, निकोलाय येगोरोविच यांची मुलगी. ती काही बोलली नाही. याची नोंद ‘आक्षेप नाही’ अशी करू नये.