ज्वारीतली चौथी डिस्क

४ जानेवारी २००४, रवि. वाटूर.
माझ्या कॉम्प्युटर क्लासला दहा दिवस सुट्टी दिली. तिथला एक कॉम्प्युटर जीपमध्ये टाकून जालन्याहून दादाकडं आणला. दादाला लकवा मारला त्याला चार महिने झाले. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा चांगला आहे, पण तो कशालाच लावत न्हाई. वहिनी भरवते तेव्हा दोन घास. डॉक्टर म्हणाले, जुन्या सवयीचं काही हाती द्या, न्हाईतर माणूस असाच खचत जाईल.
जुनी सवय म्हणजे मुंबईच्या ऑफिसातलं खोलीभर मेनफ्रेम मशीन. बावीस वर्षं दादा त्याचा ऑपरेटर. ते भंगारात गेलं अन् हा वेळेआधी रिटायर होऊन गावी आला. आता म्हणे ते अख्खं मशीन साध्या कॉम्प्युटरच्या पोटात नकली चालवता येतं. दादाच्या जुन्या सोबत्यानं पाच डिस्क पाठवल्यात. मला वेडेपणा वाटतो. पण दुसरं हातात काय आहे?

५ जाने.
पहिली डिस्क. नकली मशीन उभं राह्यलं. दुसरीपासून त्यावरची खरी सिस्टीम. दुसरी अर्ध्यात आल्ती अन् लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. दादाची खुर्ची शेजारीच ठेवलीय. भिंतीकडं बघत बसतो.

७ जाने.
दुसरी, तिसरी झाली. तिसरीच्या वेळी दादानं एकदा मान वळवली, असं वहिनी म्हणते. मला न्हाई दिसलं.

८ जाने.
पाकिटात पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी. चौथी न्हाई! सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी वहिनीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "ती चकचकीत थाळी व्हय? वावरात बांधली. ज्वारीवर पाखरं लई बसून राह्यलीत. एकच तर घेतली, तुमच्याकडं पाच होत्या."
डोकं फिरलं. लई बोललो. तुमच्या असल्या अडाणीपणानंच दादा उठत न्हाई, इथपर्यंत बोललो. ती चहा ठेवायला गेली. चार महिने त्याचं हागणं-मुतणं काढणारी ती. मी कोण, दहा दिवसांचा पाहुणा. जीभ झडायला पाहिजे होती माझी.

९ जाने.
सापडली. सुतळीनं काठीला बांधलेली, वाऱ्यानं काठीवर घासून पार ओरखडलेली. कॉम्प्युटर घेईना. सोबत्याला फोन केला, त्याच्याकडं दुसरी प्रत न्हाई. म्हणजे संपलंच.
वहिनीची माफी मागायचीय. ती समोर आली की मी उठून बाहेर जातो.

११ जाने.
जालन्याच्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, टूथपेस्टनं घासून बघा. मी घाईघाईत दोनदा घासली, काही फरक न्हाई. मंग दुपारी वहिनीनं माझ्या हातातून काढून घेतली. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, बोटावर जराशी पेस्ट, मधून कडेला, मधून कडेला. दोन तास मान वर न्हाई.
मी शेजारी बसून म्हटलं, वहिनी, चुकलं माझं.
ती म्हणाली, "माझंबी चुकलं. पण यात तुमचे भाऊ हैत हे आधी सांगितलं असतं, तर हात लावला नस्ता."
तिसऱ्या खेपेला चौथी चालली. पूर्ण.

१२ जाने.
पाचवीपण झाली. सकाळी अकराला मशीन उभं केलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. तारीख-वेळ विचारून थांबलं. ऑपरेटरनं उत्तर दिल्याबिगर ते पुढं सरकत न्हाई. मी हात मागं घेतले. लई वेळ काहीच न्हाई. मंग दादाचा डावा हात उठला. एका बोटानं तारीख टाकली, वेळ टाकली, बिलकुल बराबर. सिस्टीम सुरू! वहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभी. मी रडून राह्यलो होतो, लाज वाटली न्हाई.
वाटलं आता काहीतरी चालवेल. तर दादानं आधी मशीनला नवं काम घेणं थांबवायला लावलं. चालू होतं ते संपू दिलं. मंग शेवटचा हुकूम टाकला, त्याचा अर्थ एवढाच की दिवस संपला. पडदा थांबला. दादानं माझ्याकडं सरळ पाह्यलं, चार महिन्यांत पहिल्यांदा, अन् बटणाकडं बोट केलं. मी बंद केलं.
संध्याकाळी आठवलं. मशीन भंगारात काढलं तेव्हा दादा सुट्टीवर इथंच आल्ता. त्याच्या माघारी लोकांनी चालतं मशीन वायर उपटून नेलं. वर्षभर एकच वाक्य धरून बसल्ता, "बंद करायचीबी रीत असते रे."

१३ जाने.
काल संध्याकाळी दादानं आपल्या हातानं दूध-भाकर खाल्ली. वहिनी खुश. सकाळपासून दोनदा विचारलं, "भाऊजी, आज पुन्हा लावायचं ना?"
दादा डोळे मिटून पडलाय. चेहरा शांत, इतका शांत मी त्याला कधी पाह्यला न्हाई. मला भ्या वाटून राह्यलं. माणूस परत आला का मशीनसारखंच त्यानं स्वतःचंबी आवरून घेतलं, कळंना. वहिनीला हे कसं सांगू?
क्लास उद्यापासून. कॉम्प्युटर न्यायला जीपवाला आलाय, हॉर्न मारून राह्यला. त्याला म्हटलं, आज राहू दे.