बंद घराचा वाटा

फकाओफो बेट

फेलेती भाऊजी,

तुम्ही लेकीकडे ऑकलंडला गेलात, तरी आज गावाने धरलेली मासळी घरटी वाटताना सवयीने तुमच्या बंद घराचाही ढीग घातला गेला. कुणी हसलं नाही. शेवटी मीच तो उचलला.

तुमचे दादा गेले, तेव्हा आमच्या घरातून होडीवर जाणारं कुणी उरलं नव्हतं. मग कोणत्या तोंडाने वाटा घ्यायचा, म्हणून मी किनाऱ्यावर आलेच नाही. वाटप तुमच्याकडे होतं; तुम्ही ते थांबवलंत, सगळं गाव उन्हात ताटकळलं. मी तणतणत आले, "मला कुणाची दया नको."

"दया कोण करतंय? ढीग उचला वहिनी, मासळी नासतेय."

त्या दिवशी मी ताठ मानेने घरी गेले. अजून तशीच चालते.

हे पत्र मात्र टपालात टाकणार नाही. आभार मानले, तर त्या वाट्याची दया होईल.

तुमची वहिनी,
तेलेसिया