अर्ध्या तिकिटाची रोकड

दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. सुंदररावकाकांस,

नमस्कार. आधी ‘शिरसाष्टांग’ असे लिहिले होते, मग ते खोडले. कागद बदलता आला असता, बदलला नाही.

आरोहीताईच्या साखरपुड्याची छायाचित्रे पाहिली. अंजिरी रंग तिला शोभतो. काकूंच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल अशी आशा आहे. आईबाबा बरे आहेत असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिते. खरे तर ते कसे आहेत हे या चार दिवसांत माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक ठाऊक असावे.

पत्र लिहिण्याचे कारण आपण जाणता. आपल्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा शाल पांघरून आपण म्हणालात, “बोल की गं दोन शब्द,” आणि मी ध्वनिक्षेपकासमोर घामाघूम उभी राहिले. सगळे हसले, आपणही. गेल्या रविवारी आपण घरी आलात तेव्हाही मी चहाचा ट्रे धरून भिंतीशी उभी होते. निघताना आपण बाबांना म्हणालात, “पोरगी समजदार हाय. काई बोलली न्हाई, म्हंजी कबूल हाय.”

मी कबूल नव्हते, काका. मी फक्त बोलले नव्हते.

जे घडले ते क्रमाने लिहिते. आपल्याला सारे ठाऊक आहे. पण रविवारी आपण त्याचा क्रम बदलून सांगितलात, म्हणून तो एकदा नीट लावणे भाग आहे.

आपण अध्यक्ष असलेल्या बँकेत मी रोखपाल म्हणून रुजू झाले त्या वर्षी बीडच्या मुख्य शाखेतून आमच्या धारूर शाखेत रोकड आणायला बँक एका एजन्सीची गाडी लावत असे. चालक, बंदूकधारी रखवालदार, वाटेतल्या जोखमीचा विमा, सगळे धरून एका फेरीचे साडेसहा हजार. दसरा-दिवाळीत ऊसतोडीचे मुकादम आपापल्या टोळ्यांची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, काढायला रांग लावतात. ऊसतोडीला निघण्याआधी मजुराच्या हातात रोख पडल्याशिवाय टोळी हलत नाही. त्या दिवसांत गाडी आठवड्यातून तीनतीनदा लागे. संचालकांच्या बैठकीत आपण म्हणालात, “मजुराच्या आधी हा गाडीवालाच उचल घिऊन चाललाय!” सगळे हसले आणि गाडी बंद झाली.

त्यानंतर आपल्याला एसटीतली बायकांची सवलत आठवली. गाडीच्या जागी बाई, पेटीच्या जागी वरून ज्वारी भरलेले पोते, साडेसहा हजारांच्या जागी अर्धे तिकीट. वार्षिक सभेत एका सभासदाने विचारले, “गाडी न्हाई तर पैसा येतो कसा, अध्यक्षसाहेब?” आपण मिशीवरून हात फिरवलात. “लक्ष्मी हाय ती. बाईच्या हातानंच यावी.” टाळ्या किती वेळ वाजल्या ते आपल्याला आठवत असेल. खर्चकपातीबद्दल आपल्या गळ्यात हार पडला, तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते आणि छबुबाई पाण्याचे ग्लास वाटत होती.

लक्ष्मी आणायला आपली लेक आरोहीताई कधी गेली नाही. शाखेची झाडलोट करणारी छबुबाई जात होती, आणि ती आजारी असेल तेव्हा मी. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा पोत्यावर पाय ठेवून पुस्तक उघडले आणि एक ओळ वाचली नाही.

पहिल्या फेरीला काकूंनी छबुबाईची ओटी भरली होती. आपण शाखेत आला होतात. व्यवस्थापक युवराज साहेब दारात होते, मी माझ्या खिडकीपाशी. आपण तिला पढवलेत ते शब्द माझ्या कानात आहेत.

“वाटंत कुणी इचारलं तर काय सांगायचं?”

“ज्वारी हाय म्हनायचं.”

“सोयऱ्यानं इचारलं तर?”

“ज्वारीच.”

“आन् पोलिसानं इचारलं तर?”

छबुबाई माझ्याकडे बघून हसली. “पोलिसाला बी ज्वारीच का, मालक?”

“पोलिसाला बी. बँकेचं नाव तोंडातून निघालं तर उद्यापासून झाडू ठिवायचा आन् नवऱ्यासंगं कोयता घ्यायचा.”

ती हसायची थांबली. कोयता सुटावा, लेक दिपालीची शाळा सुटू नये, एवढ्यासाठीच तिने ही नोकरी धरली होती.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मांजरसुंब्याला ती गाडी बदलायला उतरली. दोघांनी पोते ओढले. तिने ते सोडले नाही. पोत्यासकट ती फरफटत गेली आणि तिचे मनगट मोडले. पोते फाटून वरची ज्वारी धाब्यासमोर सांडली, खालचे अठरा लाख मोटारसायकलवरून गेले. हवालदार आला. “काय गेलं, बाई?” ती म्हणाली, “ज्वारी.” हवालदार म्हणाला, “पायलीभर ज्वारीपायी हात मोडून घेतलास व्हय? लई चिकट बाई हायेस.” लोक हसले. कुणी नाकाबंदी केली नाही, कुणी मागे धावले नाही. ज्वारीसाठी कोण धावते?

मोडका हात पदरात धरून ती धारूरला आली आणि सर्वांत आधी युवराज साहेबांना म्हणाली, “बँकेचं नाव न्हाई घेतलं, साहेब.” मला वाटते, आपण तिला शाबासकी द्याल अशी तिची समजूत होती.

आपण तिच्यावर फिर्याद दाखल केलीत. तिचा तोच जबाब आज तिच्या विरोधातला पुरावा आहे: अठरा लाख असताना ज्वारी सांगितली, म्हणजे चोर तीच, साथीदारही तिचेच.

रविवारी आपण मला समजावलेत. “हे बघ पोरी, पोत्यातून गेले म्हनलं की इमा कंपनी हात वर करती. गाडी कुठं होती, बंदूक कुठं होती, इचारती. नोकरानं चोरले म्हनलं की बँकेच्या नोकरचोरीच्या इम्यातनं भरून देती. तू येवढंच सांगायचं: तिला कुणी धाडलं नव्हतं. साहेबाच्या नावानं थापा मारून तिनं परस्पर रक्कम उचलली. लई शिकलीस, येवढं तुला कळंल.” मग चहाचा कप ठेवत बाबांना म्हणालात, “आन् तुमच्या हिरीवरची मोटार कुणाच्या मीटरवर चालती, ते बी ध्यानात असू द्या.”

मला दोन्ही वाक्ये कळली. एजन्सीच्या साडेसहा हजारांत गाडी होती, बंदूक होती आणि विमा होता. हे तिन्ही आपण काढून टाकलेत आणि त्या जागी एक बाई ठेवलीत. आता विमाही त्या बाईकडूनच वसूल करायचा आहे. रोकड पोहोचवण्याचा खर्च वाचला असे आपण सभेत सांगितलेत. तो वाचलेला नाही. तो भरण्यासाठी छबुबाई आठ दिवसांपासून कोठडीत आहे आणि तिच्या हाताचे प्लॅस्टर मनगटाशी काळे पडले आहे.

आपण गेल्यावर बाबांनी चहाचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाले, “एका झाडूवालीपायी भावाभावांत वाकडं कशाला घ्यायचं? सांग म्हनत्यात तर सांग.” बाबांना मी दोष देत नाही. आपल्यासमोर त्यांनाही कधी बोलता आले नाही. मला ते त्यांच्याकडूनच आले असावे.

बुधवारी सकाळी मी कपड्यांची पिशवी घेऊन निघाले. आई दारापर्यंत आली. पोलीस ठाण्यात मी निरीक्षकांकडे कागद मागितला. ते म्हणाले, “लिहिणं नंतर. आधी तोंडानं सांगा, मॅडम.” पहिल्या वाक्याला आवाज फुटला नाही. हवालदारीणबाईंनी पाणी दिले. दुसऱ्यांदाही अडले. मग मला छबुबाईचे “पोलिसाला बी ज्वारीच का?” आठवले, आणि तेच वाक्य मी आधी सांगितले. पुढचे आपोआप आले. कुणी धाडले, कुणी पढवले, दारात कोण होते, ओटी कोणी भरली. काकूंचे नाव घ्यावे लागले; त्याचे मला वाईट वाटते. आपले घेताना वाटले नाही.

मीही दोनदा रोकड आणली हे सांगितले. निरीक्षक म्हणाले, “मग तुमचंही नाव यात येईल.” मी म्हटले, “येऊ द्या.” नोकरी जाईल, हे मला कळते. राजीनामा देऊन ती सोय मी आपली करून देणार नाही. आपणच काढा आणि कारण लिहून काढा.

आता, मी कुठे आहे ते. मैत्रिणीकडे नाही, मामाकडेही नाही. माणसे तिकडे धाडू नका. मी धारूरला छबुबाईच्या घरी आहे. तिचा नवरा त्रिंबक टोळीबरोबर कर्नाटकात गेला आहे. उचल फिटेपर्यंत मुकादम त्याला सोडत नाही. घरी म्हातारी सासू केसरबाई आणि दिपाली. पहिल्या दिवशी केसरबाईंनी मला उंबऱ्यातच अडवले. “बँकेची मानसं आता चूल मोजाया आली का?” मी काय केले ते सांगितले. त्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “तुझ्या चुलत्याच्या तोंडावर म्हनशील का हे?”

मी हो म्हटले. त्यांनी ताट वाढले, पण अजून त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. कसा असेल? आडनाव आपलेच आहे.

परवा, मंगळवारी, छबुबाईच्या जामिनाची सुनावणी आहे. केसरबाई, दिपाली आणि मी एकाच बाकावर बसलेल्या असू. आपण येणार हे युवराज साहेबांकडून कळले. लहानपणापासून आपण खोलीत आलात की मी उठून उभी राहत आले आहे.

मंगळवारी मी उठणार नाही.

साक्षीदार,
संस्कृती