तळघराला नकार आणि गव्हाची वाकडी ओळ

तीर्थरूप स्टेफा आत्यास,

दार्काचा शेतातून, चिखलाच्या बुटांसकट नमस्कार. गुडघा कसा आहे? कुठला, असं तू विचारशील, म्हणून दोन्ही गुडघ्यांची चौकशी करते आहे. मांजराचा राग गेला का? (ईस्टरला त्याच्या शेपटीवर बसले ते बाबा. मी फक्त त्यांच्या शेजारी होते, आणि मोठ्यांचं नाव कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले.) इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. बाबा पावसाची वाट बघत आहेत, आणि तो आला की थांबायची वाट बघतील.

आता मुद्द्याचं आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं तुला निवांत वाचता येईल. सप्टेंबरपासून मी तुझ्या तळघरात राहणार नाही. विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहणार आहे. तू तळघराला पिवळा रंग दिलास, ओरेस्ट काकांचं टेबल त्या अरुंद जिन्यावरून खाली उतरवलंस (गुडघ्यांची चौकशी उगाच केली नाही), शिवाय किल्लीला लाल लोकर बांधून ती माझ्या हातात ठेवलीस, हे सगळं मला आठवतं आहे. ईस्टरच्या जेवणात तू आणि बाबांनी हा बेत पक्का केलात तेव्हा मी मान हलवली, हेही खरं. पण त्या वेळी माझ्या तोंडात तुझ्या हातचा कोबीचा रोल होता, आणि ती मान त्याला होती.

बाबांनी मला हॉस्टेलं दाखवली नाहीत असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये, उणे सत्तावीस थंडीत, आम्ही दोघं विद्यापीठ बघायला तुझ्या सास्काटूनला येऊन गेलो. केलन नावाचा एक मुलगा पाहुण्यांना फिरवत होता. त्यांची पद्धत अशी की दाखवणाऱ्याने आपल्याकडे तोंड करून उलटं चालायचं. बर्फावर उलटं चालणाऱ्या माणसाकडे बघताना हॉस्टेल कुणाला दिसणार? बाकीचे आईबाप वाचनालय किती वाजता बंद होतं, जेवण कसं असतं, असलं विचारत होते. बाबा प्रत्येक इमारतीला वळसा घालून मागच्या गाडीतळावर जायचे आणि थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर वायर लावून ठेवायचा विजेचा प्लग कुठे आहे ते शोधायचे. दगडी जुन्या इमारतीत प्लग नव्हता, ती बाद. उंच मनोऱ्यात होता पण सैल होता, तोही बाद. शेवटी केलन बिचारा म्हणाला, “काका, पहिल्या वर्षाच्या पोरांना गाडी आणताच येत नाही.” बाबा म्हणाले, “तिची गाडी कोण म्हणतंय? माझ्या ट्रकचं विचारतोय.” विद्यापीठाला पोरगी द्यायची ती ट्रक गोठणार नाही एवढं बघून, हा त्यांचा हिशेब. परतताना अर्ध्या रस्त्यात ते हळूच म्हणाले, “स्टेफाकडे दोन प्लग आहेत.”

तरीही मी हरले नाही. खोल्या वाटायची त्यांची तऱ्हा म्हणजे, मे महिन्यातल्या एका सकाळी सगळ्या नव्या मुलांनी एकाच वेळी फोन घेऊन बसायचं आणि जो आधी बोट दाबेल त्याची खोली. मे महिन्यात आपल्याकडे पेरणी सोडून मरायचीही सोय नसते, हे त्यांना कोण सांगणार? मी ट्रॅक्टरवर होते. तुला माहीतच आहे, उत्तरेच्या शेतात फोन लागतो तो फक्त हमरस्त्याच्या बाजूला. दक्षिणेच्या टोकाला गेलं की जगाशी संबंध तुटतो. म्हणजे मी रस्त्याकडे आले की खोल्यांची यादी उघडायची, एक खोली पसंत करायची, आणि बोट टेकवणार तोच शेत संपून वळायची वेळ यायची. पुन्हा येईपर्यंत ती खोली गेलेली. एकेकट्याच्या खोल्या गेल्या, नदीकडच्या गेल्या, बऱ्या दिसणाऱ्या सगळ्या गेल्या. शेवटच्या फेरीला एकच उरली होती. तीच दगडी इमारत, चौथा मजला, कचरा खाली टाकायच्या झडपेला खेटून, दोघींत एक. मी दोन्ही हातांनी फोन धरला आणि दाबलं. आपला ट्रॅक्टर हल्ली स्वतःच सरळ चालतो, पण स्टिअरिंगला कोपर लागलं की रुसून सगळं आपल्यावर सोपवतो. माझं कोपर लागलं होतं. मागे वळून पाहिलं तर ओळीला चांगलाच बाक आला होता.

बाबा बियाण्याच्या गाडीतून उतरून आले, वर चढले, आधी ओळ पाहिली आणि मग फोन. विचारलं, “प्लग आहे?” मी नाही म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, “आत्याला तूच सांगायचं.” म्हणून हे पत्र. (मे महिन्यातलं पत्र जुलैत का, असं विचारू नकोस. रोज लिहायला बसत होते.) तो गहू आता गुडघाभर उंच झाला आहे, आणि त्यातला बाक हमरस्त्यावरून स्वच्छ दिसतो. लोक गाड्या हळू करून बघतात. गावात त्याला ‘दार्काची खोली’ म्हणतात.

आत्या, मला हे का हवं आहे तेही सांगते. आमच्या वर्गात आम्ही सात जण होतो, आणि सातही जणांचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमधल्या एकाच भांड्यात झालेला. मला आजवर कुणी नाव विचारलेलं नाही. लोक बाबांच्या नावाने ‘मिरॉनची धाकटी’ म्हणतात, आणि तुझ्या गल्लीत मी ‘स्टेफाची भाची’ असणार. गेल्या आठवड्यात माझ्यासोबत खोलीत राहणार असलेल्या मुलीचा निरोप आला. ब्रिन तिचं नाव, दूर समुद्राकाठची आहे, आणि बर्फाचं फावडं प्रत्येकीने आपापलं आणायचं असतं का, असं तिने विचारलं आहे. पण त्याआधी तिने लिहिलं होतं, “तुझं नाव नीट कसं म्हणायचं?” मी ते वाचून शेतात एकटीच मोठ्याने ‘दार्का’ म्हणून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

ओरेस्ट काका गेल्यापासून तुला घर खायला उठतं, हे मला कळतं. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले. पण नाइलाजाने खाली राहणाऱ्या भाचीपेक्षा हौसेने दार वाजवणारी बरी, असं मला मनापासून वाटतं. माझा निर्णय पक्का आहे. तू रडलीस तरी बदलणार नाही, फक्त मीही रडेन.

तुझी हट्टी,
दार्का

ता. क. हॉस्टेलची खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असते. मी दर रविवारी येईन. ब्रिनही येईल, तिने बटाटा भरलेली पेरोगी अजून पाहिलेलीसुद्धा नाहीत.

ता. क. दुसरं. जानेवारीत बाबा ‘यंत्राचे भाग घ्यायला’ वरचेवर शहरात येणार आहेत. भाग तर आपल्या गावातही मिळतात. त्यांना तळघरात झोपू देशील का? ते स्वतः कधीच विचारणार नाहीत. ट्रकसाठी त्यांनी आत्ताच प्लगची वायर घेऊन ठेवली आहे, आणि मला दिसू नये म्हणून कोठारात लपवली आहे.

ता. क. तिसरं. तळघराची किल्ली या पाकिटात घालून परत पाठवणार होते. बाबा म्हणाले, पाकीट जड होईल. मी वजन करून पाहिलं नाही.