उलट्या पाण्यातली पाटी

बा, तुला लिहायचं लिहायचं म्हणून सात वर्षं काढली. तू गेलास तेव्हा मी माणगावात एका गाडीवानाकडे होतो. तिथून तळे गावाला, मग मुंबईला. दर ठिकाणी म्हटलं, जरा टेकलो की लिहीन. आता आपल्या घरी परतलोय. काल दौत घेऊन बसलो, तर शेजारच्या वाडीत सुपारी उतरवत होते. ती बघायला गेलो तो दिवेलागणीला परतलो. तू म्हणायचास, "ह्या पोराला नांगरच न्हाय." तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तरी हात कचरतो.

ती दिवाळीनंतरची फेरी आठवते? मलबारची कौलं आणायला निघालेलो, तू गलबताचा तांडेल. जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यानं गलबत फार बाहेर लोटलं आणि मग वारा जो पडला तो पडलाच. शीड ओल्या धोतरासारखं लोंबतंय. तू शिशाची दोरी सोडतोस, तळ लागत नाही. "हितं जमीन तुटली," तू म्हणतोस. "खाली डोंगराचा उतार हाय. तळ्याच्या डोंगराला धरून ओढा जातो ना, तसं ह्या उताराला धरून पाणी पळतं. वरचं उत्तरेला, खालचं उलटं." मग तू मोठ्या पाटीत दगड भरलेस, होते नव्हते ते दोर एकाला एक गाठलेस आणि पाटी खाली सोडलीस. "वाव मोज रं." दोन हात पसरले की एक वाव, असं मी मोजत होतो. बाजूला उडत्या माशांचा थवा उठला, उन्हात नुसती चांदी. "किती झालं?" "साठ," मी म्हणालो. खालच्या पाण्यानं पाटी धरली, दोर ताठ झाला. तू पाण्यावर नारळाच्या सालीचं सोडण टाकलंस. ते उत्तरेकडे लांब लांब गेलं आणि आपण, वाऱ्याचं नाव नसताना, दक्षिणेला सरकत राहिलो. तू पोरासारखा हसलास.

आणि मी काय केलं? श्रीवर्धनच्या धक्क्यावर तुझी नक्कल केली. डोक्यावर पाटी, तुझा तो खोल आवाज, "खालचं उलटं." माणसं पोट धरून हसली. "काय रं, तुझा बा दर्या नांगरतो व्हय?" गलबताचा शेटही तिथंच होता, तोही हसला. पुढच्या हंगामात त्यानं गलबत मामाच्या हाती दिलं. म्हणाला, तांडेलाचं डोकं फिरलंय. मामानं ते घेतलं आणि परत आपली पायरी चढला नाही. तू मला म्हणालास, "पाटी धुऊन ठेव," एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी दर्या मोजणाऱ्या साहेबांच्या बोटीवर कोळसा ओढायला होतो. तिथंच, जमीन तुटते तिथं, त्यांनी पाण्याचा ओघ मोजणारं चक्र तारेला बांधून खाली सोडलं. वरचं पाणी एका अंगाला, खालचं दुसऱ्या. साहेबाला केवढा आनंद! त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, तुमच्या खलाशांना हे ठाऊक आहे का? तुझं नाव ओठावर आलं होतं, बा. पण बाकीचे हसतील म्हणून म्हणालो, "न्हाय, कुणाला न्हाय."

हे लिहीत होतो आणि दारात कोण उभं राहावं? मामा. केस पांढरे झालेत. आत ये म्हटलं, आला नाही, पायरीवरूनच म्हणाला, "भाच्या, बाहेर अडकलो व्हतो. दाजीसारखी पाटी टाकली, तीनदा. गलबत हलंना. किती वाव दोर सोडायचा रं? तू मोजले व्हतेस ना?"

बा, बाराच्या पुढं मी मोजलंच नव्हतं. मासे बघत होतो. साठ हे तोंडाला आलं ते बोललो, आणि तू तेच खरं धरून गेलास.

मामा अजून पायरीवर उभा आहे. आणि माझ्या जिभेवर पुन्हा साठच आलंय.